सेंट आइव्ह्जचे चार दिवस आणि बाबांनी शोधलेला सांधा

पहिला दिवस, शुक्रवार

बाबा रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे रेडिंगला आलेत. लंडन बघून झालं, बाथ झालं, ऑक्सफर्ड झालं आणि मग एका रात्री जेवताना म्हणाले, "इकडे जवळपास समुद्र नाही का गं कुठे?" बास, तिथेच ठरलं. सेंट आइव्ह्ज माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं नैर्ऋत्येकडचं पार टोक, तिथलं हे छोटंसं मच्छीमारांचं गाव, तिन्ही बाजूंना पुळण, आणि त्या गावात चक्क टेट गॅलरी, म्हणजे लंडनच्या प्रसिद्ध टेट कलासंग्रहालयाची शाखा. तीही अशी की एका बाजूला अटलांटिकच्या लाटा आणि पाठीला टेकडी. मूळ इमारत १९९३ ची आणि २०१७ मध्ये तिला नवीन भाग जोडलाय, मला खास तोच बघायचा होता. ह्यांना सुट्टी मिळत नव्हती, मग मी आणि बाबा दोघंच निघालो.

बाबांना मी फोनवर फोटो दाखवून समजावत होते की हे म्युझियमचं एक्स्टेन्शन आहे वगैरे. ते म्हणाले, "वाढीव बांधकाम म्हण की सरळ." बाबांची सगळी नोकरी पीडब्ल्यूडीत गेली, सगळी कोकणात, आणि नवीन इमारती त्यांच्या वाट्याला कमीच आल्या. जास्त करून शाळेला दोन खोल्या वाढव, दवाखान्याला एक वॉर्ड जोड, रेस्ट हाऊसला मागे पडवी काढ हेच. म्हणून ह्या विषयात त्यांना खरोखर कळतं. त्यांचं म्हणणं असं की जुनी इमारत बसलेली असते, नवीन अजून बसायची असते, दोन्ही वेगवेगळ्या हलतात, आणि पाऊस बरोब्बर त्या सांध्यातून आत येतो. "आपल्याकडे वाढीव बांधकाम चांगलं की वाईट ते पहिल्या पावसाळ्यात सांध्यापाशी उभं राहिलं की कळतं," म्हणाले. मी म्हणलं चला, मग आपण सांधाच बघू.

रेडिंगहून पेन्झान्सची गाडी पकडली, सेंट अर्थला उतरून तिथून छोटी गाडी. पाचेक तासांचा प्रवास, पण कंटाळा म्हणून आला नाही. एक्झिटरच्या पुढे डॉलिशला रुळ अगदी समुद्राला खेटून जातात, खिडकीतून खाली बघितलं तर डायरेक्ट पाणी. २०१४ च्या फेब्रुवारीत वादळात इथली भिंत वाहून गेली होती आणि रुळ नुसते हवेत लोंबकळत होते, दोन महिने लाईन बंद होती. हे सांगितल्यावर बाबा नाक काचेला लावून नवीन भिंतीचं काँक्रीट बघत बसले. कोकण रेल्वेत दरड कोसळल्यावर स्टेशनात अडकून काढलेल्या रात्री आमच्या घरात सगळ्यांच्या पाठ आहेत, त्यामुळे हा विषय बराच चालला. मग प्लिमथच्या पुढे ब्रुनेल ह्या इंजिनिअरचा १८५९ चा रेल्वेपूल आला, आणि रेडरुथ-कॅम्बोर्नच्या आसपास माळावर दगडी इमारती आणि त्यांना चिकटलेली उंच धुराडी दिसायला लागली. ही कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींची इंजिन हाऊसेस, खाणीतलं पाणी उपसायची वाफेची इंजिनं ह्यांत असायची. खाणी बंद पडायला लागल्यावर इथले खाणकामगार जगभर गेले, आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतसुद्धा. म्हणजे कातळ फोडणं हे ह्या लोकांच्या हाडामासातलं काम. हे तेव्हा नुसतं बोलण्यात गेलं, पण दुसऱ्या दिवशी फार आठवलं.

सेंट अर्थहून सेंट आइव्ह्जची गाडी दहा-पंधरा मिनिटांची, १८७७ ची लाईन आहे, उजवीकडे बसा, दुसरं काही सांगायला नको. आधी खाडीचा चिखल आणि त्यावर पक्षी, मग वाळूच्या टेकड्या, मग एका वळणावर अख्खा निळा-हिरवा उपसागर उघडतो. बाबा उभेच राहिले.

राहायच्या ठिकाणी मात्र घोळ. बाबांच्या गुडघ्यासाठी मी मुद्दाम तळमजल्याची खोली घेतली होती आणि दिली तिसऱ्या मजल्यावरची, लिफ्ट नाही, वर शब्दाने दिलगिरी नाही. भांडून उपयोग झाला नाही, मग बाबाच म्हणाले सोड, चढतो हळूहळू.

संध्याकाळी आठ वाजता (मे अखेर आहे, नऊनंतर सूर्य मावळतो) पोर्थमिअरच्या पुळणीवर गेलो. गल्ल्या म्हणजे अगदी आपल्या पाखाड्या, दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, वळलं की अचानक समुद्र. ओहोटी होती, वाळू लांबपर्यंत ओली चमकत होती, सर्फिंगवाली पोरं अजून पाण्यात. आणि आपण पाण्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर टेट, पांढरी, मध्ये गोल उघडा भाग. आधी इथे गावाचा गॅस कारखाना होता. मूळ आर्किटेक्ट एल्ड्रेड एव्हन्स आणि डेव्हिड शालेव्ह, त्यांनी गॅसच्या गोल टाकीचा आकार धरून इमारतीचं तोंड केलं.

बाबांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही झाली जुनी. नवीन कुठाय?"

मी बोट दाखवलं. बाजूला वरच्या अंगाला निळसर टाइल्सचा एक ठोकळा दिसत होता, तेवढाच. बाकी काही नाही. वीसेक मिलियन पौंडांचं काम, म्हणजे दोन कोटी पौंड, प्रदर्शनाची जागा दुप्पट झाली, आणि पुळणीवरून दिसतं एवढंच. कारण उरलेलं सगळं टेकडीच्या पोटात आहे.

"कातळात?" बाबा म्हणाले. "आणि वरून पाणी?" मग थोडं थांबून, "उद्या बघू."

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी दहाला दारात. लंडनच्या टेटमध्ये कायमचा संग्रह फुकट बघता येतो, इथे तिकीट आहे, पण त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

आत जाण्याआधी त्या गोल उघड्या भागात थांबा, घाईने आत शिरू नका प्लीज. वर छप्पर नाही, आणि समुद्र समोर असूनही असं वाटतं की लाटांचा आवाज आपल्या मागून येतोय, गोल भिंतीवर आपटून परत येतो ना. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले विहिरीत उतरल्यावर असं होतं. मला शंख कानाला लावल्यासारखं वाटलं होतं पण विहीर जास्त बरोबर आहे, थंडावा पण तसाच होता.

दारातून आत गेलं की पॅट्रिक हेरनची रंगीत काचेची मोठी खिडकी. हेरन इथलाच चित्रकार, जवळच झेनॉरला राहायचा. चर्चमधल्या रंगीत काचांना मध्ये मध्ये शिशाच्या काळ्या पट्ट्या असतात, ह्या खिडकीत पट्ट्याच नाहीत, एक रंग सरळ दुसऱ्याला भिडतो. लाल, जांभळट, पिवळा, निळा, नुसते मोठमोठे आकार. ऊन ढगाआड जात होतं, परत येत होतं, आणि तेवढ्यात लाल असा काही पेटायचा की तिकीट काउंटरवरची माणसंसुद्धा वर बघत होती, आणि ती तर रोज बघतात.

जुन्या भागाबद्दल एक सांगायलाच पाहिजे. त्याच्यात खोल्या लहान आहेत, वळणावळणाच्या, पायऱ्या चढत जायच्या, गावासारख्याच. एक गॅलरी चंद्रकोरीसारखी वाकलेली आहे, तिच्यातून खाली तो गोल भाग आणि पलीकडे समुद्र दिसतो. सुंदर आहे, पण म्युझियम म्हणून अडचणीची. सुरुवातीला वर्षाला सत्तरेक हजार लोक येतील असा अंदाज होता, आले दोन लाखांच्या वर. शिवाय प्रदर्शन बदलायचं म्हणजे वर्षातून काही वेळा गॅलरी बंदच ठेवायला लागायची, आणि गंमत म्हणजे ज्या चित्रकारांमुळे हे गाव नावारूपाला आलं त्यांचीच चित्रं कायम लावून ठेवायला जागा नव्हती. इथल्या एका कर्मचारी बाईंनी हे सांगितलं, त्या जुन्या दिवसांपासून इथे आहेत. म्हणाल्या लोक शेकडो मैल गाडी चालवून यायचे, बंद दार बघून परत जायचे, आम्हाला फार वाईट वाटायचं. बाबा मला म्हणाले, "म्हणजे गरज होती. हे आधी बघायचं असतं, गरज होती का हौस होती."

आता ती चित्रं कायम लावलेली आहेत. आल्फ्रेड वॉलिसपाशी आम्ही खूप वेळ थांबलो. हा माणूस खलाशी, मच्छीमार, नंतर भंगार-सामानाचा धंदा, बायको गेल्यावर सोबत म्हणून सत्तरीच्या आसपास चित्रं काढायला लागला. शिक्षण शून्य. पुठ्ठ्याचे मिळतील ते तुकडे, बोटींना लावायचा रंग. १९२८ मध्ये बेन निकोल्सन आणि क्रिस्तोफर वूड हे दोन चित्रकार गावात फिरताना त्याच्या उघड्या दारातून त्यांना भिंतीला ठोकलेली चित्रं दिसली. जवळून बघितलं तर पुठ्ठ्याच्या कडा वाकड्यातिकड्या कापलेल्या, कोपऱ्यात खिळ्याची भोकं, आणि समुद्राला त्याने रंगच कमी लावलाय, पुठ्ठ्याचा मूळ तपकिरी रंग पाणी म्हणून तसाच सोडलाय. बोट मात्र प्रत्येक दोरीसकट. जी वस्तू महत्त्वाची ती मोठी, लांब असो की जवळ असो. बाबा चित्रं बघणारे नाहीत, लंडनला नॅशनल गॅलरीत अर्ध्या तासात बाकावर बसले होते. इथे वाकून वाकून बघत होते, मला म्हणाले ह्याला डोल कुठून येते ते माहितीय, भरतीला बोट बंदरात घेताना तोंड कसं धरतात बघ.

आणि मग सांधा.

जुन्या गॅलरीतून नव्यात जाताना एकही पायरी चढावी-उतरावी लागत नाही. टेकडी खणून खोली त्याच लेव्हलला आणून ठेवलीय, आणि हाच खरा डाव आहे, त्याच्यासाठीच एवढा कातळ काढलाय. बाबा उंबऱ्यापाशी थांबले. एक पाय जुन्यात एक पाय नव्यात. वर छताकडे बघितलं, कोपरे बघितले, तळाला भिंत जमिनीला मिळते तिथे बघितलं, हात मागे बांधून, साइटवर असायचे तसे. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी काही बोलले नाही. पाचएक मिनिटांनी म्हणाले, "ओल नाही. चीर नाही. चल."

नवीन खोलीबद्दल मी वाचलं बरंच होतं पण उभं राहिल्यावर जे होतं ते फोटोत येतच नाही. एकच प्रचंड खोली, मध्ये एकही खांब नाही. वर काँक्रीटच्या खोल तुळया, आणि त्यांच्या वर सहा मोठे उजेडाचे कुंड, उलटे टांगलेल्या विहिरींसारखे म्हणा हवं तर, टेकडीच्या माथ्यावरून दिवसाचा उजेड त्यांतून खाली येतो. जमिनीखाली आहोत हे माहीत असून पटत नाही. तळघराची ती कोंदट भावना जरासुद्धा नाही. खिडकी एकही नाही आणि तरी बाहेर ढग आला की आपल्याला कळतं, पांढऱ्या भिंती हळूच राखाडी होतात आणि मग परत उजळतात. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, दहा मिनिटांत चार वेळा खोलीचा रंग बदलला. समुद्राकाठचा उजेड, सारखा हलणारा. शंभर वर्षं चित्रकार ज्या उजेडासाठी ह्या गावात येत राहिले तोच उजेड, फक्त समुद्र दिसत नाही. जुन्या इमारतीत समुद्र दिसतो आणि कबूल करते, तिथे मी निम्मा वेळ चित्र सोडून लाटाच बघत होते. इथे चित्रंच बघितली.

मला हा विचार फार आवडला. समुद्राकाठी जागा मिळाली की कुणीही आधी काचेची भिंत लावेल. जेमी फोबर्ट ह्या आर्किटेक्टने समुद्र जुन्या इमारतीकडेच राहू दिला, आणि आपण फक्त आकाश घेतलं.

बाबांना तुळया आवडल्या. "वर माती आहे ना? मातीचं वजन, ओल्या मातीचं तर विचारूच नको, शिवाय मागून टेकडी ढकलतेय. आणि खांब न घेता. म्हणून एवढी खोल तुळई." खोल तुळई म्हणताना हाताने उंची दाखवली, दोन्ही हात एकमेकांपासून लांब नेऊन. शेजारी एक शाळकरी मुलगी चित्र सोडून बाबांचे हात बघत होती.

दुपारी छपरावर गेलो. इथे तिकीट लागत नाही, हे मुद्दाम लिहितेय. म्युझियमचं छप्पर म्हणजे बाग आहे, स्थानिक झाडझाडोरा, ग्रॅनाइट, बसायला जागा, आणि वरच्या रस्त्यावरून खाली पुळणीकडे जायची वाट. त्यातूनच ते उजेडाचे कुंड वर आलेत, माणसं त्यांच्या बाजूने चालतात, खाली गॅलरी आहे ह्याचा बऱ्याच जणांना पत्ताही नसणार. एक आजोबा खरेदीची पिशवी घेऊन तिथूनच घरी चालले होते.

हे सगळं इतकं सरळ झालेलं नाही. आधीची एक योजना होती, तिला गावाने कडाडून विरोध केला आणि ती मागे घ्यायला लागली. मग दुसरी जागा, नव्याने स्पर्धा, आणि फोबर्टनेच ती परत जिंकली. ही जागा म्हणजे जुन्या इमारतीची मागची बाजू, टेकडीत घुसल्याशिवाय जिथे काही करताच येणार नाही अशी. मी बाबांना म्हणलं, बघा ना, लोकांनी विरोध केला म्हणून हे असं चांगलं झालं. बाबांना एक जुनी गोष्ट आठवली, एका गावात शाळेच्या वाढीव खोलीचा नकाशा मंजूर होऊन आला होता आणि त्यात देवळाकडे जायची पाखाडी अडत होती, गावकरी आडवे पडले, सहा महिने काम बंद. शेवटी खोली वळवून घेतली, पाखाडी शाळेच्या जोत्यालगत काढली, आणि पुढे पावसाळ्यात पोरं त्या पाखाडीच्या पायऱ्यांवर बसून डबा खायची. "तेव्हा मला राग आला होता गावाचा," म्हणाले. "आता नाही."

तिथे बसूनच पेस्टी (सारण भरलेली इथली भाजकी करंजी म्हणा) खाल्ली. बाबांच्या हातातला अर्धा तुकडा सीगलने उचलला, त्यांचं बोट थोडं खरचटलं, सांभाळून खा.

तिसरा दिवस, रविवार

रात्रभर पाऊस. म्हणजे आपल्यासारखा पाऊस नाही पण आडवा, वाऱ्याबरोबर, काचेवर मूठभर वाळू फेकल्यासारखा. सकाळी मी चहा करत होते तर बाबा आधीच बूट घालून तयार. "कुठे?" "सांधा बघायला." मला हसू आलं नाही खरं सांगते, भरून आलं. आई गेल्यापासून बाबांना सकाळी उठून कुठे जायची घाई झालेली मी बघितली नव्हती.

आधी बाहेरून टाइल्स बघितल्या, पावसात. त्या निळ्या ठोकळ्यात माल चढवायची-उतरवायची जागा, ऑफिसं, वर्कशॉप असली कामाची जागा आहे, म्हणजे खरं तर इमारतीची मागची बाजू, पण तिलाच सगळ्यात देखणं कापड नेसवलंय. हातभर अंतरावरून बघा. दोन टाइल्स एकसारख्या नाहीत. ग्लेझ, म्हणजे भाजताना चढवलेला काचेसारखा चकचकीत थर, एका ठिकाणी दाट निळा, बाजूच्या टाइलवर हिरवट, आणखी एकीवर कडेला पातळ होत राखाडीवर गेलेला. हाताने केलेल्या आहेत, त्यामुळे पृष्ठभाग किंचित वरखाली, बोट फिरवलं की कळतं. पावसाचं पाणी त्यावरून सरळ ओघळत नव्हतं, त्या उंचवट्यांवरून वळत वळत खाली येत होतं. काल उन्हात ह्याच टाइल्स निळ्या होत्या, आज पाण्याखालच्या शेवाळ्यासारख्या. मागे वळून समुद्र बघितला तर तोही अगदी तसाच. गावात मातीकामाची परंपरा जुनी आहे, बर्नार्ड लीच आणि जपानचा शोजी हामादा ह्यांनी १९२० मध्ये इथे भट्टी लावली, लीच पॉटरी अजून आहे. म्हणून इथे भिंतीला ग्लेझ लावणं उपरं वाटत नाही.

मग परत तिकीट काढून आत. बाबा सरळ उंबऱ्यापाशी. वर बघितलं, कोपरे, तळ. खिशातला रुमाल काढून वाकून भिंतीच्या पायथ्याला टेकवला, रुमाल बघितला, परत घडी घालून खिशात ठेवला. कालच्या बाई तिथेच होत्या, त्या काळजीने जवळ आल्या, मी समजावलं की माझे वडील अशी कामं करायचे आणि आमच्याकडे चार महिने पाऊस असतो. त्या म्हणाल्या, मग कसं वाटलं त्यांना? बाबांनी इंग्रजीत एकच शब्द म्हणला, "ड्राय." आणि अंगठा वर केला. बाईंनी पण केला. २०१८ मध्ये ह्या म्युझियमला ब्रिटनचं म्युझियम ऑफ द इयर मिळालं, त्याच वर्षी स्टर्लिंग प्राइज ह्या ब्रिटनमधल्या मोठ्या वास्तुकला पुरस्काराच्या शेवटच्या यादीतही इमारत होती, ते सगळं बरोबरच आहे, पण माझ्या लेखी त्या अंगठ्याची किंमत जास्त.

एक खटकलं ते पण सांगते. एवढी मोठी खोली सलग उघडी बघायला मिळाली तर खरी मजा, पण प्रदर्शनाप्रमाणे मधल्या भिंती लावतात, त्यामुळे पूर्ण लांबी-रुंदी एका नजरेत येत नव्हती. ती कल्पनेने जोडायला लागली. आणि गावात गाड्या, घरांच्या किमती, सीझनला रस्त्यात पाय ठेवायला जागा नसणं, ह्यांत म्युझियमचा वाटा आहेच. किल्लीच्या छोट्या पेट्या दारादारांवर लटकलेल्या दिसतात, म्हणजे ते घर भाड्याने द्यायचं, कुणी राहत नाही. तारकर्लीकडेही हे सुरू झालंय.

पाऊस थांबल्यावर गॅलरीच्या वरच्या बाजूच्या बार्नून दफनभूमीत गेलो. उतारावर थडगी, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. वॉलिसचं थडगं लगेच सापडतं कारण ते दगडाचं नाही, टाइल्सचं आहे, बर्नार्ड लीचने केलेलं. वर चित्र, एक लहानसा माणूस दीपस्तंभाच्या दारातून आत चाललाय, लाटा खवळलेल्या. १९४२ मध्ये वॉलिस वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागेत वारला. ओल्या टाइलवर हात ठेवून बाबा म्हणाले, "आधी ह्याला टाइल मिळाली, मग म्युझियमला." इतकं नीट जुळलेलं मी नव्हतं बघितलं. आर्किटेक्टच्या मनात हे होतं का नाही कोण जाणे, पण तिथे उभं राहिलं की खाली त्या निळ्या भिंती आणि पायाशी हे थडगं, टाइल्सचीच दोन कामं दिसतात.

दुपारी शिल्पकार बार्बरा हेपवर्थची बाग. ती १९४९ पासून १९७५ मध्ये आगीत जाईपर्यंत इथेच काम करायची. स्टुडिओत छिन्न्या, अर्धवट संगमरवर, खुंटीला टांगलेले कामाचे डगले जसेच्या तसे. बागेतल्या ब्राँझच्या शिल्पांना मोठी भोकं आहेत, त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात चर्चचा मनोरा दिसत होता. इथे बोलणं नकोसं वाटतं. बाबांचा गुडघा संध्याकाळी सुजला, मीठ-गरम पाणी करून शेकला, जेवण खोलीतच, मी पोह्यांचं पाकीट आणलं होतं बरोबर ते कामी आलं.

चौथा दिवस, सोमवार

गाडी साडेअकराची होती. सकाळी एकटीच छपरावर जाऊन आले. एक बाई कुत्र्याला घेऊन त्या उजेडाच्या कुंडांमधून चालली होती, कुत्र्याने एकाच्या कडेला नाक लावून हुंगलं, ती पुढे गेली. खाली अजून दिवे लागले नव्हते.

गाडीत ह्या वेळी डावीकडे बसलो. कार्बिस बेला गाडी वळल्यावर गाव अजून दिसतं, बंदराचा धक्का, चर्च, 'आयलंड' म्हणतात त्या भूशिरावरचं छोटं देऊळ. टेट दिसत नाही, ती टेकडीच्या पलीकडच्या अंगाला. बाबांनी तिकीट उलटं केलं, बॉलपेन काढलं आणि मांडीवर ठेवून सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत कशी दिसेल ते, काढायला घेतला, गाडी हलत असूनही रेघ सरळ. आधी टेकडीचा उतार, मग जुनी इमारत, मग पोटात खोली, वर सहा खोकी, मातीचा थर. तुळया ठळक केल्या. मग मागच्या भिंतीला लागून एक बारीक नाली काढली आणि त्यात खाली समुद्राकडे जाणारे बाण.

"ही तुम्ही बघितलीत कुठे?" मी विचारलं.

"बघितली नाही. पण असणार," म्हणाले, आणि सांध्याच्या जागी एक छोटा गोल केला.